या खिडकीतून त्या खिडकीत

खिडकी या शब्दाचे मराठी माणसाला दोन अर्थ ठाऊक असतात. एक घराची खिडकी. तिच्यातून वारा आणि उजेड आत येतो. दुसरी कचेरीची खिडकी. तिच्यासमोर रांग लावून उभे राहावे लागते. संगणकाच्या पडद्यावरील चौकटीला खिडकी म्हणण्याची रीत पडली, तेव्हा नाव देणाऱ्यांच्या मनात बहुधा पहिला अर्थ असावा. आम्हांला मात्र दुसराच जवळचा वाटतो. अर्ज एका खिडकीवर घ्यायचा, पैसे दुसरीवर भरायचे, शिक्का तिसरीवर मारून घ्यायचा आणि पुन्हा पहिलीवर येऊन तो कागद दाखवायचा, हा खेळ आपण सर्वांनीच खेळलेला आहे. त्या साऱ्या येरझाऱ्यांत एक आधार असे, तो म्हणजे हातातला कागद. त्यावर आपले नाव असे, रक्कम असे, मागच्या खिडकीचा शिक्का असे. खिडक्या एकमेकींशी बोलत नसत. कागद बोलत असे.

गेली काही वर्षे आमचा चरितार्थ संगणकाच्या खिडक्यांवर चालला आहे. संकेतस्थळ तयार झाले की ते लोकांच्या हाती जाण्यापूर्वी तपासून पाहावयाचे, हा आमचा व्यवसाय. पूर्वी हे काम हातानेच होई. तोच अर्ज पन्नास वेळा भरायचा, तेच बटण पन्नास वेळा दाबायचे. माणसाचे डोळे थकतात, आणि एकावन्नाव्या वेळी नेमके जे दिसावयाचे ते दिसत नाही. म्हणून आता आज्ञावली, म्हणजे रूढ शब्दांत स्क्रिप्ट, लिहून ठेवतात. रात्री सर्व घरी गेल्यावर ती ब्राउझर उघडते, अर्ज भरते, बटणे दाबते आणि सकाळी निकाल मांडून ठेवते.

या कामासाठी जगभर वापरले जाणारे सेलेनियम नावाचे साधन 2004 साली शिकागोत जन्मले. थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी ते घरच्याच एका कामासाठी केले; कर्मचाऱ्यांचे तास आणि खर्च नोंदवण्याची व्यवस्था त्यांना तपासावयाची होती. नावामागे एक विनोद आहे. त्या काळी या धंद्यातली एक बडी कंपनी मर्क्युरी नावाची होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम उतारा मानतात! आरंभीची ही रचना ब्राउझरमधल्या पानातच राहून काम करी. एका स्थळाच्या पानाने दुसऱ्या स्थळाच्या पानात डोकावू नये, असा ब्राउझरचा सुरक्षेचा नियम आहे. त्यामुळे दुकानाच्या पानावरून बँकेच्या पानावर जाणे तिला जड जाई. पुढे सायमन स्टुअर्ट यांच्या वेबड्रायव्हरने ब्राउझरची दोरी बाहेरून हाती घेतली. दोन्ही प्रकल्प 2009 मध्ये एकत्र यावयाचे ठरले, 2011 मध्ये जोडरूप बाहेर आले, आणि जून 2018 मध्ये डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने वेबड्रायव्हरला प्रमाण म्हणून मान्यता दिली.

आता या यंत्राचा स्वभाव पाहण्याजोगा आहे. ते एका वेळी एकाच खिडकीत उभे असते. आपण एखाद्या दुव्यावर बोट ठेवले आणि नवी खिडकी उघडली, की आपली नजर आपसूक तिकडे वळते. यंत्राची वळत नाही. नवी खिडकी समोर उघडलेली असली तरी ते जुन्याच खिडकीत उभे राहते, आणि पुढची प्रत्येक आज्ञा तिथेच बजावू पाहते. ‘आता त्या खिडकीत जा’ असे त्याला स्वतंत्रपणे सांगावे लागते. त्यासाठी प्रत्येक खिडकीला एक हँडल असते. हँडल म्हणजे मूठ खरी, पण ही मूठ असते अक्षरे आणि अंक यांची एक अर्थहीन माळ. उघड्या खिडक्यांची यादी मागितली तर या माळा मिळतात. मात्र त्या कोणत्या क्रमाने येतील याची हमी नाही. शेवटची ती नवी, असे धरून चालावे तर तेही खरे नाही.

म्हणून जाणता कारागीर आरंभीच आपल्या मूळ खिडकीची मूठ लिहून ठेवतो. मग दुव्यावर टिचकी. मग खिडक्यांची संख्या एकाची दोन होईपर्यंत थांबणे. कारण यंत्राला धीर नसतो, तोही शिकवावा लागतो. मग यादीतून जुनी वगळून उरलेली शोधणे, तिच्यात जाणे, आणि मथळा वाचून आपण योग्य जागी आलो ना, याची खात्री करणे. काम झाले की ती बंद करणे आणि मूळ खिडकीत परतणे. हे परतणे सांगावयाचे राहिले, तर यंत्र बंद झालेल्या खिडकीतच उभे राहते आणि पुढच्या आज्ञेला ‘अशी खिडकी नाही’ असे उत्तर देते. पण आज्ञावली खिडकी बंद केल्यावर तिथेच संपवली, तर कोणतीही तक्रार येत नाही. निकाल हिरवा लागतो, सारे खूश होतात.

आमची खरी लढाई या हिरव्या निकालाशी आहे. शुल्क भरण्याचे उदाहरण घ्या. एका खिडकीत अर्ज, दुसरीत बँक. बँकेच्या खिडकीत ‘रक्कम मिळाली’ असे झळकले की आज्ञावलीने समाधान मानावे काय? अर्जाच्या खिडकीत परत जाऊन तिथे ही वार्ता पोचली का, हे पाहिल्यावाचून काहीच सिद्ध होत नाही. पैसे गेले पण दुकानाला कळले नाही, हा प्रकार इतका वारंवार होतो की रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये त्यासाठी नियम केला. ऑनलाइन खरेदीत कार्डाने भरलेली अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप परत द्यावयाची. त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवसाला 100 रुपये भरपाई. नियम चांगला आहे. पण पैसे परत येतात, अर्जाची उलटून गेलेली शेवटची तारीख परत येत नाही.

आमच्या चमूत एक तरुण मुलगी नव्याने आली होती. कामाला चलाख, बोलण्यात स्पष्ट. आम्ही तिला दोन खिडक्यांत दोन अर्ज उघडून आळीपाळीने भरण्याची आज्ञावली लिहावयास सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “सर, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? माणसं एका वेळी एकच अर्ज भरतात.”

आम्ही तिला आमच्या शेजारच्या दोन बहिणींची हकीकत सांगितली. एकीला एका अभ्यासक्रमाला प्रवेश हवा होता, दुसरीला त्याच ठिकाणी दुसऱ्या. घरी संगणक नाही, म्हणून काकू दोघींना घेऊन नाक्यावरच्या दुकानात गेल्या. मागे रांग होती. दुकानातल्या मुलाने वेळ वाचावा म्हणून एकाच ब्राउझरमध्ये दोन खिडक्या उघडल्या आणि दोन्ही अर्ज बरोबरीने भरले. छाननीत थोरलीचा अर्ज बाद झाला. तिच्या नावापुढे धाकटीचे गुण चढले होते. दुरुस्तीची मुदत संपलेली. कचेरीत सांगण्यात आले, की संगणकात असेच आहे, तुम्हीच चुकीचे भरले असणार. दुकानातला मुलगा शपथेवर सांगे, की त्याने बरोबरच भरले होते. दोघेही खोटे बोलत नव्हते. थोरली ते वर्ष घरी बसली. काकूंनी तिच्यासाठी घेतलेली नवी बॅग तेवढे दिवस कपाटावर तशीच होती.

असे घडते कसे? एका ब्राउझरच्या साऱ्या खिडक्या त्या स्थळाला एकच चिठ्ठी दाखवतात. तिला कुकी म्हणतात. चिठ्ठी एक, म्हणून स्थळाच्या लेखी माणूसही एक. सध्या कोणाचा अर्ज चालू आहे, हे स्थळाने त्या एका चिठ्ठीपुढेच टिपून ठेवले असेल, तर दुसरी खिडकी उघडताच पहिलीचे नाव पुसले जाते. पडद्यावर मात्र थोरलीचेच नाव दिसत राहते. म्हणजे जे दिसते ते एक, आणि जतन होते ते दुसरे.

हे ऐकून ती मुलगी काही बोलली नाही; आज्ञावली लिहून मोकळी झाली. पहिली खिडकी उघडावी, नाव ‘अ’ भरावे. दुसरी उघडावी, नाव ‘ब’ भरावे. पहिलीत परत जावे, जतन करावे, आणि पान नव्याने मागवून नाव वाचावे. आम्ही तपासत असलेल्या त्या स्थळावर पहिल्याच रात्री ‘अ’च्या जागी ‘ब’ निघाला. स्थळ बांधणाऱ्यांना दाखवताच त्यांनी दोन दिवसांत दोष काढला. उपाय साधाच होता. प्रत्येक अर्जाला स्वतःचा क्रमांक, आणि तो क्रमांक त्या अर्जाच्या प्रत्येक पानाबरोबर ये-जा करणार. शिवाय आलेला क्रमांक त्याच अर्जदाराचा आहे ना, हे स्थळाने दर वेळी पडताळावयाचे. कचेरीतला तो हातातला कागदच म्हणा ना!

आता नवी साधने आली आहेत. 2020 साली मायक्रोसॉफ्टने आणलेल्या प्लेराइटमध्ये प्रत्येक पान स्वतंत्रपणे हाताशी असते. ‘या खिडकीतून त्या खिडकीत जा’ असे सांगण्याची यातायात उरलेली नाही. सोय झाली, यात शंका नाही. परंतु पहिल्या पानावर पुन्हा एकदा नजर टाकावयाची की नाही, हे कोणतेही साधन ठरवीत नाही. ते ठरवतो तो, ज्याला नाक्यावरच्या दुकानातली रांग आणि त्या रांगेतल्या मुली डोळ्यांपुढे दिसतात.

त्या मुलीने आता आपल्या आज्ञावलीत तिसरी खिडकीही घातली आहे, आणि मधलीच बंद केली तर काय होते तेही ती पाहते. तिला आम्ही ते सांगितले नव्हते. विचारले तेव्हा म्हणाली, “सर, काकूंना तीन मुली असत्या तर?”