कामात अडथळा

‘वरिष्ठांची परवानगी न घेता माल उतरवण्याच्या कामात अडथळा आणून कंपनीचे नुकसान केले.’ माझ्या नावच्या मेमोतलं हे वाक्य मला आजही पाठ आहे. त्याला इतकी वर्षं झाली, नोकरी गेली नाही, पगारही कापला नाही. तरी आठवलं की पित्त खवळतं.

मी डिलाईल रोडचा. वडील गिरणीत होते, 82 च्या संपानंतर जे सगळ्यांचं झालं तेच आमचं झालं. पुढे लोअर परळच्या एका जुन्या कंपाउंडातल्या गाळ्यात मला स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. माल म्हणजे थिनर, टोल्युइन, लॅकर, छपाईची शाई. आजूबाजूचे गाळे एकेक करून ऑफिसं, स्टुडिओ, हॉटेलं होत गेले, आमचा तेवढा गोडाऊनच राहिला. पेट्रोलियमचा परवाना, महापालिकेचा 394 कलमाखालचा परवाना, सगळं फ्रेम करून भिंतीवर टांगलेलं. परवान्यात लिहिलेले लिटर आणि प्रत्यक्षातला माल यांची मार्चअखेरीला गाठ पडत नसे, हेही सांगून टाकतो.

टोल्युइन चार अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. मुंबईत तेवढी थंडी कधी पडत नाही, म्हणजे आमच्याकडे ते बारा महिने, चोवीस तास तयारच. ही वाफ हवेपेक्षा तिपटीने जड, म्हणून वर उडून जात नाही; जमिनीलगत सरपटते, गटारात उतरते, लांबची ठिणगी शोधून काढते आणि आग घेऊन माघारी येते. म्हणूनच मी भरलेल्या ड्रमपेक्षा रिकाम्या ड्रमला जास्त भ्यायचो. भरलेल्यात वाफेला जागा नसते, रिकाम्यात आत नुसती वाफ आणि हवा. भंगारवाले असेच ड्रम छिन्नी-हातोडा लावून फोडतात, त्यात माणसं मेलेली आहेत. ज्यांचं रंगाचं दुकान आहे त्यांनी निदान बुचं घट्ट लावून मगच ड्रम बाहेर काढावेत आणि कोण नेतोय ते विचारावं.

तर त्या दिवशी, कमला मिलच्या आगीच्या आधीच्या उन्हाळ्यात, दुपारी टोल्युइनचा ट्रक आला. माथाडींची टोळी जुन्या टायरवर ड्रम उतरवत होती. एका ड्रमचं बूच सैल निघालं आणि अंगणात हातभर ओला डाग पडला. मी वाळू आणायला सांगितली, तेवढ्यात मुकादम म्हणाला, “साहेब, वर बघा.”

दुसऱ्या मजल्यावर नवं हॉटेल होत होतं. त्याच्या स्वयंपाकघराच्या धुराड्याचं वेल्डिंग बाहेरच्या भिंतीला चाललं होतं. ठिणग्या छज्ज्यावर पडून टणाटण उडत खाली येत होत्या. काही वाटेत विझत होत्या, काही नाही. वेल्डिंगभोवती अकरा मीटरपर्यंत पेटण्यासारखं काही नको, असा साधा नियम आहे. इथे थेट खाली ट्रक उभा होता.

मी ट्रकवरचं काम थांबवलं, ड्रायव्हरला इंजिन सुरू करू नको म्हणून बजावलं आणि वर पळालो. ठेकेदार म्हणाला, “दहा मिनिटं, एवढं एकच टोक राहिलंय.” मी समजावत होतो, तो घड्याळ दाखवत होता. आमची बाचाबाची चालू असताना मागून आलेल्या मुकादमाने जिन्यावरच्या बोर्डाचा मेन स्विच खाली ओढला. सगळा मजला बंद. शेजारच्या स्टुडिओत शूटिंग चाललं होतं, तेही बंद. मग जो गोंधळ झाला तो झाला.

त्या मुकादमाची शाळा चौथीपर्यंत. पण गोडाऊनच्या दारातला बोर्ड जवळ असताना त्याने त्याला हात लावला नाही, जिना चढून वर आला. खालचा स्विच ओढताना ठिणगी पडली असती आणि वाफ खालीच होती. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

शेठचा पुतण्या तासाभराने आला. त्याने डाग पाहिला नाही, वर पाहिलं नाही. ट्रकची खोटी किती लागणार हे विचारलं आणि म्हणाला, “इतकी वर्षं काही झालंय का?” हा प्रश्न मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलाय! 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीतल्या फोर्ट स्टिकिनवर स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकाच बोटीत होत्या, तिथेही दुपारपर्यंत काही झालं नव्हतंच. चार वाजून गेल्यावर झालं, आणि अग्निशमन दलाचे 66 जवान गेले.

दुसऱ्या दिवशी मला मेमो. मुकादमाला मेमोही नाही. तो कंपनीचा माणूसच नव्हता. ‘ही टोळी नको’ एवढा निरोप गेला आणि त्याला कॉटन ग्रीनला धान्याच्या गोण्यांवर टाकलं. पोरीचं लग्न तोंडावर, आणि आमच्याकडच्यापेक्षा तिथली मजुरी कमी. माझा मेमो त्यापुढे काहीच नाही.

29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री कमला मिलच्या गच्चीवरचे पब जळाले. 14 जणं गेली, बरीचशी धुराने गुदमरून. त्यानंतर सगळ्या लोअर परळला आगीची अक्कल आली. हातोडे पडले, नोटिसा आल्या. पुढच्या एप्रिलात अग्निशमन सप्ताहात आमच्या कंपाउंडातही ट्रेमध्ये डिझेल पेटवून विझवून दाखवलं आणि ‘सुरक्षेविषयी जागरूक उद्योजक’ म्हणून शाल-श्रीफळ कोणाला, तर पुतण्याला. मी टाळ्या वाजवल्या. समोरच बसलो होतो.

आता हेही सांगितलं पाहिजे की त्याच माणसाने पुढे एका शब्दाची घासाघीस न करता ठिणगी बाहेर न येणारे दिवे बसवले, ड्रममधून डबे भरताना लावायच्या अर्थिंगच्या तारा घेतल्या, फोमची उपकरणं आणली. टोल्युइन पाण्यावर तरंगतं, बादलीने विझवायला गेलं तर आग गटारापर्यंत पसरते, हे त्याने माझ्याकडून नीट बसून ऐकून घेतलं. तेव्हा वाटलं, जाऊ दे, माणूस सुधारला. मग तो मेमो आठवतो आणि सुधारला तर मागे का घेतला नाही, असं वाटतं. दोन्ही वाटतं.

गोडाऊन भिवंडीला हलवला तेव्हा वस्तीतून बला गेली म्हणून मी पेढे वाटले होते. भिवंडीत वस्ती नाही असं मला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. तिथे माळ्यावर पोरं झोपतात, खाली स्टोव्ह पेटतो.

निवृत्त झाल्यावर मी मुकादमाला भेटलो. म्हटलं, माथाडी मंडळाला सगळं लिहून देतो, उशिरा का होईना. तो म्हणाला, “नको साहेब. तुम्ही लिहिलंत तर चौकशीला मला बोलावतील आणि माझी त्या दिवसाची हजेरी जाईल.” म्हणून अर्ज केला नाही. हे मात्र त्याला न विचारता लिहिलंय.