अठरावा नंबर

लेस्टर,
१७ मे २०१६

ती. दादास,


काल संध्याकाळी आमच्या फुटबॉल संघाची विजययात्रा झाली. ज्युबिली स्क्वेअरपासून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत उघड्या बसमधून करंडक मिरवला. दोन लाखांहून जास्त माणसं होती म्हणतात. एवढीशी जागाही शिल्लक नव्हती. मला आपल्या पंचगंगेच्या वाटेवरची विसर्जनाची गर्दी आठवली. घसा पार बसला आहे, म्हणून फोनवर बोलण्याऐवजी लिहायला बसलो. पण खरं कारण वेगळं आहे. मागच्या जुलैत मी तुला एक पत्र लिहिलं होतं. ते तुझ्याकडे आबांच्या ट्रंकेत असेल, कारण तू कागद टाकत नाहीस. त्यात मी लिहिलं होतं, 'यंदा आमच्या संघाचं काही खरं नाही. अठरावा नंबर येणार आणि आम्ही खाली जाणार.'

ते चुकलं. सपशेल चुकलं. लेस्टर सिटी इंग्लंडचा विजेता झाला. ३८ सामन्यांत ८१ गुण, फक्त तीन पराभव, दुसऱ्या नंबरच्या आर्सेनलपेक्षा दहा गुण पुढे. हे तुला पेपरातून कळलंच असेल. पण मी चुकलो कसा आणि का, हे मला तुला सांगायचं आहे. ते का सांगायचंय ते शेवटी लिहितो.

८ ऑगस्टला पहिला सामना होता, संडरलँडशी, आमच्या मैदानावर. माझ्या रांगेत आम्ही चौघं वर्षानुवर्षं शेजारी बसतो. एक सत्तरीचे आजोबा, इथलेच, जन्मापासून लेस्टरचे. एक गुजराती भाई, १९७२ साली इदी अमीनने हाकललं तेव्हा युगांडातून आईवडिलांबरोबर आलेले, बेलग्रेव्ह रोडला त्यांचं दुकान आहे. एक शाळेतल्या बाई. आणि मी. सामना सुरू व्हायच्या आधी आजोबांनी पाकिटातून हंगामाच्या वेळापत्रकाचं कार्ड काढलं आणि म्हणाले, प्रत्येकाने मागच्या बाजूला एक आकडा लिहा. बाईंनी १६ लिहिला, भाईंनी १७, मी १८ आणि आजोबांनी १९. वीस संघांत शेवटचे तीन खाली जातात, हे तुला सांगायला नको. म्हणजे चौघांपैकी दोघांनी संघाला बुडवूनच टाकलं होतं, आणि बाकीच्या दोघांनी जेमतेम काठावर ठेवलं होतं. अर्ध्या तासाच्या आत आम्ही ३-० पुढे होतो. आकडा बदलायचं मात्र कुणाच्याही मनात आलं नाही.

कारणं नव्हती असं नाही. ज्या प्रशिक्षक पिअरसन यांनी संघ वाचवला, त्यांना जूनअखेर काढून टाकलेलं. त्यांच्या जागी रानिएरी आले. भला माणूस, पण नऊ महिन्यांपूर्वीच ग्रीसचा संघ त्यांच्या हाताखाली घरच्या मैदानावर फॅरो बेटांकडून हरला होता आणि त्यांची नोकरी गेली होती. याच गावात जन्मलेल्या गॅरी लिनेकरनेही ही नेमणूक ऐकून उघड नाराजी दाखवली होती. मधल्या फळीचा आधार असलेला काम्बियासो सोडून गेला होता. सट्टेवाल्यांनी विजेतेपदाला एकास पाच हजार असा भाव दिला होता.

आणि त्यामागे जुनी दुखणी होती. आजोबा पंधरा वर्षांचे असताना, १९६१ साली, लेस्टर एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात हरलं. १९६३ साली पुन्हा हरलं. त्याच हंगामात एप्रिलमध्ये लीगमध्ये सगळ्यांच्या वर होतं आणि शेवटी चौथं आलं. १९६९ साली पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार. मी स्वतः २०१३ पाहिलं आहे. वॉटफर्डच्या मैदानावर शेवटच्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली, ती अडवली गेली, आणि तोच चेंडू पलीकडे जाऊन काही सेकंदांत आमच्या जाळ्यात गेला. दुधाने तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताक फुंकूनच पिणार.

इथपर्यंत मी स्वतःला माफ करतो. यापुढे नाही.

कारण दादा, डोळ्यांसमोर एक गोष्ट होती आणि ती आम्ही पाहिली नाही. मागच्या वर्षी, म्हणजे २०१४-१५ च्या हंगामात, २९ सामन्यांत आमचे फक्त १९ गुण होते. नाताळात तळाला, मार्चमध्येही तळाला. त्यानंतरच्या नऊ सामन्यांत सात विजय, एक बरोबरी आणि एकच पराभव, तोही त्या वर्षीच्या विजेत्या चेल्सीकडून. नऊ सामन्यांत २२ गुण! त्याच मार्चमध्ये मोटारतळाखाली सापडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाच्या अस्थी इथल्या कॅथेड्रलमध्ये रीतसर पुरल्या, आणि गावातले लोक म्हणायला लागले की राजाचा आशीर्वाद मिळाला. आम्हीही त्या नऊ सामन्यांना आशीर्वाद, नशीब, चमत्कार अशी नावं दिली. संघ चांगला झाला आहे, एवढं साधं नाव द्यायला कुणी धजलं नाही. मी जुलैत तुला लिहिलं तेव्हा २९ सामने मोजले आणि नऊ सोडून दिले. त्याला अंदाज म्हणत नाहीत.

मैदानावर काय बदललं होतं तेही सांगतो, तुला त्यात रस असतो म्हणून. आमचे चार बचावपटू मागे दाटीने उभे राहतात. मॉर्गन आणि हूथ, दोन भिंती. चेंडू समोरच्याकडे जास्त वेळ असतो, असू दे. त्यांच्यापुढे कान्टे, उन्हाळ्यात फ्रान्समधून आणलेला, बुटका, सतत धावणारा. तो चेंडू काढून घेतो, ड्रिंकवॉटरला देतो, आणि ड्रिंकवॉटर न पाहता लांब टाकतो, कारण त्याला माहीत असतं की आघाडीचा व्हार्डी निघालेला आहे. एवढंच. पण कान्टेला चेंडू काढताना जवळून पाहायला हवंस. तो आडवा येऊन अंगावर पडत नाही. समोरच्याच्या पुढच्या पावलाच्या जागी आधीच उभा असतो, आणि समोरचा चेंडू जणू स्वतः आणून देतो. पहिल्या दोन महिन्यांत भाई माझ्या दंडाला धरून म्हणायचे, 'आ छोकराने जो.' आणि तरीही कार्डावर त्यांचा १७च होता.

मग आम्ही अंदाज सुधारले. हेच मला सगळ्यात जास्त लागतं. आम्ही एकदा नाही, दर महिन्याला चुकलो. नोव्हेंबरअखेर व्हार्डीने सलग अकराव्या सामन्यात गोल करून विक्रम मोडला तेव्हा कार्डावर नवे आकडे पडले: १०, ११, ९, १२. नाताळात संघ सगळ्यांच्या वर होता, बरोबर एक वर्षापूर्वी तो तळाला होता, तरी आकडे सहा-सातच्या वर सरकले नाहीत. २ जानेवारीला बोर्नमथशी बरोबरी होऊन ४० गुण झाले. रानिएरी पहिल्या दिवसापासून याच चाळिसाचं लक्ष्य सांगत होते, म्हणजे संघ वाचला. हंगाम अर्धाच झाला होता. आजोबांनी त्या दिवशी माझा हात धरला आणि म्हणाले, आता काहीही झालं तरी चालेल. मीही तेच म्हणालो. खरंच चाललं असतं का आम्हाला?

आता जे लिहितो ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी, आर्सेनलच्या मैदानावर सामना होता. मी घरी टीव्हीसमोर. मध्यंतराआधी व्हार्डीच्या पेनल्टीने आम्ही पुढे. मग आमच्या सिम्प्सनला बाहेर काढलं, दहाजण उरले. वॉलकॉटने बरोबरी केली. वेळ संपली, वाढीव वेळही संपत आली. पंच्याण्णवाव्या मिनिटाला उझीलची फ्री किक आली आणि वेल्बेकचं डोकं लागलं. त्या क्षणी, दादा, वाईट वाटण्याच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. 'बघ, मी म्हणत नव्हतो?' हे वाक्य मनात आलं. माझा संघ हरला होता आणि मला माझं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान झालं होतं. ते एखाद-दोन सेकंद टिकलं असेल. पण मी ते ओळखलं, आणि रात्रभर झोपलो नाही.

आबा आठवले. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा सामना असला की घरातून निघतानाच म्हणायचे, 'आज काय खरं न्हाई.' आई चुलीपाशी म्हणायची, 'शुभ बोल नाऱ्या.' मला तेव्हा वाटायचं, ही आबांची नजर न लागण्याची रीत आहे. मोठ्याने वाईट बोलावं म्हणजे चांगलं घडतं. असेलही. पण त्या रात्री वाटलं, आबा स्वतःला आधीच हरवून ठेवायचे, म्हणजे संध्याकाळी पुन्हा हरायला लागू नये. आपण दोघांनी तेच उचललं. आबांचं प्रेम खोटं नव्हतं, आणि माझंही नाही. आजोबांनी १९ लिहिला तो प्रेम कमी म्हणून नव्हे. आमच्या चौघांत सगळ्यात जास्त प्रेम त्यांचंच. पण भीती एवढी झाली की समोर खेळणारी पोरं दिसेनाशी झाली. त्या पोरांवर हा अन्याय आहे. ती तिकडे आर्सेनलला पंच्याण्णव मिनिटं झुंजवत होती, शेवटी तर दहाजणांनिशी, आणि मी इथे सोफ्यावर त्यांच्या हरण्याची वाट पाहत होतो.

पुढचं तुला माहीत आहे. मार्च-एप्रिलमध्ये १-० च्या विजयांची रांग लागली. न्यूकॅसलविरुद्ध ओकाझाकीने पाठमोरं हवेत झोपून मारलेला गोल तू पाहिलाच असशील. त्या संध्याकाळपासून मी कार्डावर काही लिहिलं नाही. शेवटी २ मेच्या रात्री, आम्हाला गाठू शकणारा एकमेव संघ उरलेल्या टॉटनहॅमने चेल्सीविरुद्धची दोन गोलांची आघाडी घालवली. चेल्सीच्या हॅझार्डचा चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला आणि आमच्या गल्लीतल्या घराघरातून एकदम आरडाओरडा उठला. लेस्टर तेव्हा खेळतही नव्हतं, तरी विजेतं झालं.

७ मेला एव्हर्टनच्या सामन्याआधी आंद्रेआ बोचेली मैदानात उभे राहून गायले, शेजारी रानिएरी. संघाने ३-१ ने सामना जिंकला आणि करंडक उचलला. गर्दी ओसरल्यावर आजोबांनी पाकिटातून ते कार्ड काढलं. घडीवर फाटायला आलेलं, आकड्यांनी भरलेलं, एकावर एक खोडलेलं. त्यांनी पेन मागितलं. आपल्या १९ च्या पुढे लिहिलं, 'चूक', खाली सही, तारीख. मग कार्ड भाईंकडे दिलं, भाईंनी बाईंकडे, बाईंनी माझ्याकडे. चौघांनी तोच शब्द लिहिला. आजोबा म्हणाले की त्यांच्या वडिलांना हे पाहायला मिळालं नाही, आणि एवढं बोलून त्यांनी कार्ड पुन्हा पाकिटात ठेवलं.

आता मूळ मुद्दा. तुझ्या मागच्या पत्रात शेवटी दोन ओळी तुझ्या धाकट्या मुलाबद्दल होत्या. 'तालमीत जातो, पळतो, पण अंगात दम नाही, पहिल्या संघात घेतील असं वाटत नाही, मी त्याला तसं सांगून टाकलंय.' मी त्या ओळी महिनाभर परत परत वाचल्या. व्हार्डीला वयाच्या सोळाव्या वर्षी शेफील्डच्या क्लबने बारका म्हणून सोडून दिलं होतं. नंतर तो कारखान्यात पायाच्या आधारपट्ट्या बनवायचा आणि आठवड्याला तीस पौंडांवर स्टॉक्सब्रिजच्या छोट्या संघाकडून खेळायचा. तुझा मुलगा व्हार्डी होईल असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं त्याच्यावरही अन्याय होईल. कदाचित तुझाच अंदाज बरोबर निघेल. पण तो तू काय पाहून बांधलास? वहिनी फोनवर म्हणाल्या की दिवाळीनंतर तू एकदाही मैदानावर गेलेला नाहीस.

आबांसारखं घरातूनच हरून निघू नकोस. जा, कठड्यापाशी उभा राहा, शेवटची शिट्टी होईपर्यंत हलू नकोस. त्याने तुला पाहिलं तर पाहू दे. आणि माझं जुलैचं पत्र सापडलं तर फाडू नकोस. 'अठरावा' या शब्दापुढे 'चूक' असं लिही आणि माझ्या नावाने सही कर, मी परवानगी देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. धाकट्याचे शेवटचे नऊ सामने कसे झाले, ते त्यालाच विचारून मला सविस्तर कळव.

तुझा धाकटा भाऊ