कुंडलिकेचा बेत

"मामा, पुढच्या रविवारी कुंडलिकेत होडी घालायची!" भाच्याने जाहीर केले तेव्हा मी पोहे खात होतो. साठी उलटलेल्या माणसाला असले काही घास तोंडात असताना सांगू नये.

नदी म्हटली की पाणी असायचेच, अशी माझी समजूत. पण कोलाडची ही नदी घड्याळावर चालते. वीजघरातून पाणी सुटले की सकाळी ती फेसाळते; पाणी बंद झाले की तेच खडक उघडे पडतात. म्हणून बेताचे पहिले कलम असे ठरले, की पाण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यायची आणि त्याआधी काठावर हजर व्हायचे.

दुसरे कलम माझ्या शिकवणीचे. भाचा ताटात बोटाने रेघा ओढू लागला. "पाण्याच्या दोन रेघा पुढे जाऊन मिळाल्या, की ती वाट. टोक आपल्याकडे आलं, की तिथं खडक! आणि पडलात तर उभे राहू नका. पाय खडकात अडकतो. उताणे व्हा, पाय पुढे ठेवा."

"आणि हे पाणी येतं कुठून?"

"मुळशीहून."

माझा हात थांबला. मुळशी पेटा हे माझ्या आजीचे माहेर. १९२१ साली सेनापती बापटांच्या सत्याग्रहात तिचे वडील धरणाच्या कामावर जाऊन बसले होते. धरण व्हायचे ते झालेच. भीमेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाणारे पाणी सह्याद्रीच्या पोटातून वळवले. सुमारे ५०० मीटर खाली ते भिऱ्याच्या वीजघरात उतरते, १९२७ पासून दिवे लावते आणि कुंडलिकेतून रेवदंड्याच्या समुद्राला मिळते. आजीचे माहेर मात्र तळाशी राहिले. दर दिवाळीत ती एक पणती अंगणाच्या कडेला वेगळी ठेवी. "ही माझ्या माहेरची," म्हणे. आम्ही पोरे हसत असू.

भाच्याने यादी पुढे सरकवली: तरंगते जाकीट, शिरस्त्राण, चष्म्याला दोरी, कोरडे कपडे. त्याखाली मी लिहिले: पणती, तेल, वात.

"मामा, लाटांत पणती?"

"लाटांत नाही रे, काठावर. तुझ्या पणजीच्या माहेरचं पाणी आहे ते. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

भाचा काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने यादीत आणखी एक शब्द वाढवला: काडेपेटी.