चौदा इंची चाके

स्पोर्टी स्कूटर ही आधी स्कूटरच असते. तिला गिअर नसतात, क्लचची मूठ नसते, चालवणाऱ्याच्या दोन्ही पायांना काही काम नसते. घरातल्या चौघांनी आळीपाळीने न्यायची नेहमीची स्कूटर आणि ही, यांच्यात फरक पडतो तो चाकाच्या आकाराने, टायरच्या रुंदीने, सस्पेन्शनच्या कडकपणाने आणि मूठ पिळल्यावर इंजिन किती तत्परतेने उठते त्याने. पुढचा भाग टोकदार, मागची सीट जरा वर उचललेली. स्टँडवर लावलेली असतानाही ती लाल मातीच्या हौद्यात पवित्रा घेऊन उभ्या राहिलेल्या पोरसवदा पैलवानासारखी दिसते. कुस्तीच्या या कोल्हापुरात ही उपमा शोधत जावे लागत नाही.

महाराष्ट्राचा स्कूटरशी जुना घरोबा आहे. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणे मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडले. त्याच सुमारास अहमदनगरच्या किनेटिकची लुना रस्त्यावर दिसू लागली. ऐंशीच्या दशकात किनेटिक होंडाने गिअर टाकण्याची खटपटच संपवली. बटण दाबले की सुरू, मूठ पिळली की चालू. पुढे होंडाच्या ॲक्टिव्हाने तीच सोय घरोघरी नेली. या सगळ्या गाड्या संसारी स्वभावाच्या. दळण, भाजीची पिशवी, दप्तर, हँडल धरून पुढे उभे राहिलेले मूल, हे सगळे घेऊन त्या निमूट चालत आल्या आणि त्यांचे ते ऋण मोठे आहे. पण गाडी चालवण्यातला निखळ आनंद ही त्यांच्या बांधणीमागची पहिली प्रेरणा नव्हती.

तो आनंद समोर ठेवून बांधलेली स्कूटर २०१६ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आली, आणि तीही बारामतीहून. इटलीतल्या पियाजिओचा बारामतीला कारखाना आहे. २०१२ पासून तिथे व्हेस्पा तयार होते. अप्रिलिया ही इटलीतल्या नोआले गावची कंपनी २००४ साली पियाजिओकडे गेली होती. व्हॅलेंटिनो रॉसीने १९९७ मध्ये १२५ सीसी गटाचे जगज्जेतेपद जिंकले ते याच अप्रिलियाच्या मोटरसायकलवर. शर्यतीच्या मैदानावरचे हे नाव लावून ‘एसआर १५०’ ही स्कूटर उसाच्या मुलखात जन्माला आली. सुमारे १५५ सीसीचे इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, मागेपुढे १२० मिलिमीटर रुंदीचे टायर आणि १४ इंची चाके. वजन १२० किलोच्या आसपास; किंमत सुरुवातीला ६५ हजार रुपयांच्या घरात.

या आकड्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा आकडा चौदाचा. जुन्या चेतकचे चाक दहा इंची होते. चाक जितके लहान तितका खड्डा मोठा. दहा इंची चाक ज्या खड्ड्यात उतरून अडते, त्याच खड्ड्यावरून चौदा इंची चाक काठ धरून निघून जाते. मोठ्या चाकाला वळणात स्वतःचा तोल अधिक असतो, त्यामुळे गाडी कलवताना ती हाताखालून निसटेल असे वाटत नाही. सस्पेन्शन मात्र कडक. खड्डा गाडीला अडवत नाही, पण तो कमरेला कळतो. पाठीचे दुखणे असणाऱ्याने घेण्याआधी ही गाडी कोल्हापुरात भवानी मंडपापासून रंकाळा तलावापर्यंत एकदा तरी चालवून पाहावी.

तिचा खरा स्वभाव मात्र चाकात नाही, काळ्या झाकणाखालच्या बेल्टमध्ये आहे. इंजिनाच्या एका बाजूला दोन पुली असतात आणि त्यांच्यावरून जाड रबरी बेल्ट फिरतो. प्रत्येक पुली दोन उतरत्या बशांची, एकमेकींकडे तोंड करून बसवलेल्या. पुढच्या पुलीमागे लहान लहान गोल रोलर असतात. इंजिनाचे फेरे वाढले की रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि बशीला रेटतात. फट अरुंद होते, बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी ठरलेली, म्हणून मागच्या पुलीत त्याला तेवढेच खाली उतरावे लागते. सायकलचे पुढचे चक्र मोठे आणि मागचे लहान होत जावे तसा हा बदल घडतो, फक्त मध्ये पायऱ्या नसतात. डाफ या डच कंपनीने १९५८ साली चारचाकीत वापरलेली ही युक्ती आज गल्लीगल्लीत धावते आहे. मागच्या पुलीशी असलेला क्लचही आपोआप चालतो: गाडी उभी असताना त्याचे शू मिटलेले असतात, फेरे वाढले की ते उघडतात आणि भोवतीच्या वाटीला घट्ट धरून चाक फिरवू लागतात.

स्पोर्टी स्कूटरचा पिकअप बराचसा इथे ठरतो. रोलर हलके असतील तर ते उशिरा सरकतात, इंजिनाला आधी मोकळा श्वास घेता येतो आणि गाडी झेप घेते. जड असतील तर गाडी शांत चालते आणि पेट्रोल वाचते. काही ग्रॅमच्या फरकाने एकच गाडी तापट किंवा समंजस होते. अप्रिलियाने २०१७ मध्ये ‘एसआर १५० रेस’ काढली तेव्हा इंजिन तेच ठेवले आणि गिअरचे गुणोत्तर बदलून तिला अधिक चपळ केले.

कोल्हापूरसारख्या शहराला नेमकी हीच चपळाई लागते. शहर लहान आहे. मध्यवर्ती बसस्थानकापासून रंकाळा, राजारामपुरी, कसबा बावडा, शिवाजी विद्यापीठ, सगळे चार-पाच किलोमीटरच्या आत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी तेवढ्या लांब. एवढ्या अंतरात टॉप स्पीडला अर्थ नाही. महत्त्व आहे ते पहिल्या दहा-वीस मीटरला: दसरा चौकात सिग्नल सुटतो तो क्षण, केएमटीची बस थांब्यावर विसावते आणि तिच्या शेजारून वाट मोकळी होते तो क्षण, व्हीनस कॉर्नरला डावीकडून रिक्षा आत शिरण्याआधीचा क्षण. जुन्या पेठांत रस्ता सरळ असा जातच नाही. पापाची तिकटी, मिरजकर तिकटी ही नावेच सांगतात की इथे वाटा तिघी-तिघी एकत्र येतात. महाद्वार रोडवर अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसे, हातगाड्या, फुलवाले यांच्यामधून पायांच्या वेगाने जायचे असते. तिथे ही गाडी शिकवते ती मुठीची नजाकत. मूठ केसभर फिरवावी, गाडी हातभर सरकावी.

पहाटेची गोष्ट वेगळी. रंकाळ्यावर धुके असते, शालिनी पॅलेसचा मनोरा अर्धाच दिसतो, फिरायला आलेली माणसे कडेने चालत असतात. मोकळ्या वळणावर गाडी किंचित कलते, रुंद टायर रस्ता धरून ठेवतो आणि शरीराला त्या कलण्याचा हलका ताल लागतो. मोटरसायकलवर मांड्यांनी टाकी धरता येते. स्कूटरवर धरायला काही नसते, म्हणून हे कलणे खांद्यांपासून करावे लागते. ते जमले की रोजची वाटही नवी वाटते. रात्री याच गाड्या गंगावेशीत दुधाच्या कट्ट्याजवळ ओळीने लागलेल्या दिसतात. समोर म्हैस पिळून दिलेले धारोष्ण दूध पिऊन माणसे पुन्हा किल्ली फिरवतात.

चढउतार मात्र शिस्त मागतात. चढावर सिग्नलला थांबताना ब्रेक न दाबता मूठ पिळून गाडी जागच्या जागी तोलून धरण्याची सवय अनेकांना असते. त्यात क्लचचे शू घासून जळतात. टेंबलाईच्या टेकडीवरून उतरताना इंजिन गाडीला फारसे रोखत नाही, आणि वेग एका मर्यादेखाली गेला की क्लच सुटून गाडी मोकळी घरंगळते. सगळा भार ब्रेकवर येतो, म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र धरावेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही चाकांवर ब्रेक वाटून देणारी यंत्रणा सक्तीची झाली. अंगाला चिकटून वेगाने जाणाऱ्या या गाड्यांसाठी हा नियम फार आधी यायला हवा होता.

उसाच्या हंगामात धोका ट्रॉल्यांचा. कसबा बावड्यात राजाराम साखर कारखाना शहराच्या अंगालाच आहे. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतून गळून पडलेली कांडी आणि पाचट. चाकाखाली दबलेल्या उसावर टायर सहज घसरतो. संध्याकाळी मागच्या दिव्याविना जाणारी ट्रॉली जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि तिथे पिकअप मदतीला येत नाही. मूठ सोडलेलीच बरी.

पावसाळ्यात परीख पुलाखाली पाणी साचते आणि शाहूपुरी-राजारामपुरीचा जवळचा रस्ता बंद होतो. बेल्टच्या झाकणात पाणी शिरले की बेल्ट पुलीवर घसरतो. इंजिन ओरडते, गाडी हलत नाही. थोडा वेळ थांबले की तो वाळून पुन्हा पकडतो. पुराचे पाणी मात्र निराळे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली आणि नदीकाठच्या भागांत असंख्य दुचाकी दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. बुडालेल्या स्कूटरचे बटण दाबणे हा तिचा घात आहे. आधी प्लग काढायचा, ऑईल सोडायचे, बेल्टचे झाकण उघडून गाळ धुवायचा. निघणारे ऑईल दुधाळ चहासारखे दिसले तर पाणी आत गेले असे समजावे आणि स्वच्छ निघेपर्यंत ते बदलत राहावे.

पाळण्याच्या बाबतीत या गाडीला थोडे झुकते माप द्यावे लागते. मोठ्या मागच्या चाकाने सीटखालची जागा खाल्लेली असते, त्यामुळे पूर्ण हेल्मेट डिकीत मावत नाही. एसआरच्या टाकीचे झाकणही सीटखाली, म्हणजे पंपावर दरवेळी उतरणे आले. रुंद टायर महाग, ॲव्हरेज संसारी स्कूटरपेक्षा कमी. बेल्ट आणि रोलर झिजतात. गाडी उचलताना थरथरली, मूठ आणि वेग यांच्यात अंतर पडू लागले, की झाकण उघडून पाहायची वेळ झाली. बेल्टला बारीक भेगा दिसल्या तर तो आणखी महिनाभर ओढू नये. तुटला तर वाटेतच उभे राहावे लागते.

या कामासाठी कोल्हापूरइतके चांगले गाव क्वचित मिळेल. शिवाजी उद्यमनगर आणि आसपासच्या वसाहतींतल्या फाउंड्र्यांत मोटारी, ट्रॅक्टर, पंप यांचे भाग ओतले जातात. लेथ, बोरिंग, होनिंग हे शब्द इथे शाळकरी पोरांनाही माहीत असतात. अशा गावात वाढलेला मेकॅनिक झाकण काढण्याआधी कान लावतो. रोलरचा गोलावा जाऊन एक बाजू चपटी झाली असेल तर तो खडखडाट त्याला फूटपाथवरूनच कळतो. दसऱ्याला हीच गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून, हळदीकुंकू लावून दारात उभी राहते. ज्या गावात हत्यारांची आणि अवजारांची पूजा एकाच श्रद्धेने होते, तिथे स्कूटरला लागलेले कुंकू कुणाला वेगळे वाटत नाही.

या वाटेवर पुढे इतरही गाड्या आल्या. २०१८ मध्ये टीव्हीएसची १२५ सीसीची एनटॉर्क आली. बारा इंची चाके आणि फोनशी जोडणारा मीटर घेऊन ती कॉलेजच्या पार्किंगमध्ये स्थिरावली. २०२१ मध्ये यामाहाची १५५ सीसीची एरॉक्स आली, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची आणि पुन्हा चौदा इंची चाकांची. तिच्या मधोमध उंच कणा असल्याने पायांशी पोते किंवा दुधाची किटली ठेवता येत नाही. गावाकडे ये-जा असणाऱ्या घरांत हा विचार करावाच लागतो.

एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि एसआर १५० ची जागा एसआर १६० ने घेतली. कोल्हापूरची एमएच ०९ ची पाटी लावून धावणाऱ्या जुन्या १५० अजून दिसतात. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती पुढे वाढवता येते. २०१६ च्या दसऱ्याला हार घालून आणलेल्या पहिल्या गाड्यांची ती मुदत २०३१ मध्ये भरेल.