शेवटचे पाच

मंडळी, 'डिस्ट्रिब्यूटेड बिग डेटा कंप्युटिंग' हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा मी नातीला म्हटलं, "बाई गं, मराठीत सांग." ती म्हणाली, "आजी, खूप मोठा हिशेब खूप जणांत वाटून करायचा." एवढं मला पुरलं. वाटून काम करणं शाळामास्तरणीला नवीन नाही. सहामाहीचे गठ्ठे काय, स्नेहसंमेलन काय, आम्ही आयुष्यभर तेच केलं.

नात अमेरिकेत एम. एस. करते आहे. या सत्रात तिचा या विषयावर सेमिनार होता. सेमिनार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, समई आणि पाहुण्यांचा परिचय आला. तिथला प्रकार वेगळाच निघाला. दहा-बारा विद्यार्थी एका टेबलाभोवती बसतात. दर आठवड्याला दोन शोधनिबंध सगळ्यांनी वाचून यायचे, आदल्या रात्री प्रत्येकानं पानभर टिपण पाठवायचं, एकानं निबंध मांडायचा आणि इतरांनी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायचं. प्राध्यापक कमीच बोलतात. मला ही पद्धत फार आवडली.

तिची पाळी आली तेव्हा तिनं रंगीत तालीम माझ्यासमोर केली, व्हिडिओ कॉलवर. "तुला कळलं तर वर्गात सगळ्यांना कळेल," म्हणाली. ही स्तुती की काय, ते तुम्हीच ठरवा. मी मराठी माध्यमातली बी. ए., शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेली. पण ऐकलं बुवा मन लावून.

तर गोष्ट अशी. २००४ साली गूगलमधल्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत या दोघांनी 'मॅपरिड्यूस' नावाच्या पद्धतीवर निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण अगदी शाळकरी आहे. ढीगभर कागदपत्रं आहेत आणि त्यांत कुठला शब्द किती वेळा आला ते मोजायचं आहे. एकट्यानं मोजायला बसलं तर जन्म जाईल. मग कागद हजार जणांत वाटायचे. प्रत्येकानं आपल्या कागदांतल्या शब्दांच्या चिठ्ठ्या करायच्या. हे 'मॅप'. मग एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या एकाकडे जमा करून त्यानं बेरीज करायची. हे 'रिड्यूस'. आणि प्रत्येक चिठ्ठी वेगळी धाडत बसण्याऐवजी आपल्यापुरती बेरीज जागच्या जागी करून एकच आकडा वर पाठवायचा, अशीही सोय आहे. पुढे हीच कल्पना घेऊन २००६ साली 'हडूप' नावाची सर्वांना खुली अशी प्रणाली आली. हे नाव ती बनवणाऱ्या डग कटिंगच्या लहान मुलाच्या पिवळ्या खेळण्यातल्या हत्तीचं! एवढ्या गंभीर विषयात हत्ती आलेला पाहून मला बरं वाटलं.

पण चिठ्ठ्या आणि बेरजा ऐकता ऐकता मी तिला थांबवलं. म्हटलं, "अगं, ही तर आमची जनगणना!"

तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी हे केलेलं असणार. मी १९९१ ची जनगणना केली, सांगली जिल्ह्यात. ९ ते २८ फेब्रुवारी. प्रत्येक शिक्षकाला एक गट, म्हणजे शंभर-सव्वाशे घरं. दारोदार जाऊन माणसं लिहायची, मग आपल्या गटाचा गोषवारा काढून पर्यवेक्षकांकडे द्यायचा. तिथून तहसील, तिथून जिल्हा, तिथून मुंबई, तिथून दिल्ली. महाराष्ट्राची सुमारे ७ कोटी ८९ लाख माणसं अशी गोषवाऱ्यांच्या पायऱ्या चढत वर गेली. नात खूश झाली. "आजी, जागच्या जागी बेरीज म्हणजे हेच!" म्हणाली.

पण तिच्या मांडणीचा खरा विषय पुढेच होता. काम वाटलं की ते सगळ्यांचं एकदम संपत नाही. मागे राहणारा कुणीतरी असतोच. त्या निबंधात याची एक चाचणी दिली आहे. एक हजार कोटी नोंदी, म्हणजे साधारण एक टेराबाइट मजकूर, सुमारे १८०० यंत्रांवर क्रमानं लावायचा. शेवटच्या टप्प्याचे तुकडे ४०००. सुरुवातीपासून ९६० सेकंद झाले तेव्हा पाच सोडून सगळे तुकडे पुरे झाले होते. आणि त्या पाचांनी आणखी ३०० सेकंद खाल्ले! ३९९५ तयार बसलेले आणि पाचांसाठी निकाल अडलेला. सहलीच्या बसमध्ये बसलेल्या बाईंना हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यावर त्यांनी काढलेला उपाय साधा आहे. काम संपत आलं की जे तुकडे रेंगाळलेत ते आणखी एकेका यंत्राला द्यायचे. जो आधी पुरा करील त्याचं उत्तर घ्यायचं, दुसऱ्याचं टाकून द्यायचं. दोन्ही घेतली तर मोजणी दुप्पट होईल ना! एवढ्यानं तीच चाचणी १२८३ सेकंदांऐवजी ८९१ सेकंदांत झाली.

मला मात्र आवडलं ते दुसरंच. यंत्रं मागे का पडत होती, हेही त्यांनी तपासलं होतं. एखाद्याची डिस्क खराब, म्हणून सेकंदाला ३० मेगाबाइट वाचण्याऐवजी १ मेगाबाइटच वाचता येतंय. काही यंत्रांत तर सुरू करतानाच्या प्रोग्रॅममध्ये चूक होती, त्यामुळे प्रोसेसरची जवळची स्मृतीच बंद पडली होती आणि काम शंभरपटीहून जास्त मंदावलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला सगळीच 'मठ्ठ' दिसणार. प्रत्येकाचं दुखणं मात्र निराळं.

आणि तिसरं एक कारण असतं. यंत्र धडधाकट असतं, त्याच्या वाट्याला आलेला तुकडाच जड असतो. वाटणी करताना तुकडे सारखे दिसतात, पण एकात माल ठासून भरलेला असतो. इथे तोच तुकडा दुसऱ्याला देऊन काही उपयोग नाही, तोही तिथेच अडकणार. २०१२ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर 'स्क्यूट्यून' नावाची तोड मांडली. रेंगाळलेल्याचं उरलेलं काम पुन्हा तुकडे करून मोकळ्या झालेल्यांत वाटायचं.

हे ऐकलं आणि मला आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर आठवले.

१९९१ च्या त्या फेब्रुवारीत आमचे सगळ्यांचे गट उरकत आले होते आणि सरांचा रखडला होता. त्यांच्या गटात गावाबाहेर ऊसतोड कामगारांचा तळ पडलेला, बीडकडून आलेल्यांचा. पाचटाच्या चाळीसेक कोप्या. कागदावर चाळीस घरं म्हणजे दोन दिवसांचं काम. पण दिवसा जावं तर तळावर माणूस नाही. असली तर लहान भावंडं राखत बसलेली पोरं. त्यांना बापाचं नाव सांगता येई, वय कुठून सांगणार? मोठी माणसं पहाटे अंधारात फडावर जात, रात्री परतत. मग चूल, भाकऱ्या, आणि मध्यरात्री कारखान्याची गाडी भरायला बोलावणं. सर रोज रात्री बॅटरी घेऊन जात आणि दोन-तीन कोप्या लिहून येत.

पर्यवेक्षक वैतागले. तालुक्याहून त्यांनाही विचारणा होत होती. ते म्हणाले, मुकादमाच्या वहीवरून भरून टाका. आता मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, 'कोयते' असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दिली जाते ती कोयत्याला. त्यामुळे चाळीस कोयते लिहिले की ऐंशी माणसं झाली, संपलं. कडेवरचं मूल, आठ वर्षांची बहीण, फडावर जाता येत नाही म्हणून कोपीत बसलेली म्हातारी, यांना त्या वहीत जागा नाही.

सरांनी नकार दिला. वाद घातला नाही, फक्त सूचनापुस्तिका उघडून नियम दाखवला. जो माणूस त्या सबंध काळात आपल्या घरी नसेल त्याची नोंद घरी करायची नाही, तो जिथे सापडेल तिथे करायची. म्हणजे बीडच्या गावी या कुलूपबंद घरांत कुणी धरलं जाणार नाही. इथे सुटले तर देशातच नाहीत.

मग आम्ही तिघंजणं त्यांच्याबरोबर गेलो. कोप्या वाटून घेतल्या, दोन रात्री बसलो. माझ्या वाट्याच्या एका कोपीत बाई भाकऱ्या थापत उत्तरं देत होती. वय विचारलं तर म्हणाली, "बाहात्तरच्या दुष्काळात मी रांगत होते." धुरानं डोळे चुरचुरत होते, पण हिशेब जमला, वीसेक वर्षं. तिची चार वर्षांची मुलगी कोपऱ्यात झोपली होती. बाईनं विचारलं, "हिलाबी लिवता?" मी म्हटलं, "हिलाबी." तळ पुरा झाला तेव्हा मुकादमाच्या वहीवरून निघाली असती त्याच्या जवळपास दुप्पट माणसं भरली होती. आमचा गोषवारा वेळेत गेला.

हे मी नातीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, माझ्या दुसऱ्या निबंधात याच्या उलट आहे." तो निबंध २०१३ चा, डीन आणि लुईझ बारोसो यांचा. त्यात हिशेब असा आहे. एक सर्व्हर शंभरात एकदाच उशीर लावतो असं धरा. चांगलाच म्हणायचा. पण एका प्रश्नासाठी अशा शंभर सर्व्हरना विचारावं लागत असेल, तर शंभरातले ६३ प्रश्न कुणा ना कुणासाठी अडकणार. (मी वहीत करून पाहिलं, बरोबर आहे.) म्हणून शोधयंत्रासारख्या कामात ते म्हणतात, बहुतेकांची उत्तरं आली की पुरे, उरलेल्यांसाठी थांबू नका. वाचणाऱ्याला फरक कळतही नाही.

मला हे चूक वाटलं नाही. तुम्ही आमरसाची कृती शोधलीत आणि लाखभर पानांतली हजार पानं पाहायची राहिली, तर रस काही आंबट होत नाही. पण मी तिला एक विचारायला सांगितलं. मागे राहिलेले दर वेळी वेगळे असतात, की दर वेळी तेच? आज हा, उद्या तो असं असेल तर एक टक्का सोडल्यानं बेरीज थोडी कमी भरेल, एवढंच. पण ज्यांचा तुकडा जड आहे तेच दर वेळी मागे राहत असतील, तर 'नव्व्याण्णव टक्के पूर्ण' लिहिलेली बेरीज कमी भरत नाही, ती खोटी असते. आमच्या तालुक्याच्या लोकसंख्येत शंभर माणसं कमी आली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ती शंभरच्या शंभर एकाच तळावरची असती, आणि त्यातली बरीचशी दहा वर्षांखालची.

तिनं हा प्रश्न सेमिनारमध्ये मांडला, कोप्यांसकट. 'कोयता' शब्द इंग्रजीत कसा सांगितलास म्हणून विचारलं तर म्हणाली, "कोयताच म्हटलं आणि अर्थ समजावला." त्यांचा तास त्या दिवशी अर्धा तास लांबला म्हणे. एका मुलाचं म्हणणं पडलं की यंत्राला माणूस आणि पान यातला फरक कळत नाही, तो कामाची मागणी करणाऱ्यानं आधी सांगायला हवा. मला ते पटलं. थांबायचं की नाही, हे यंत्रावर सोडायचं कामच नाही ते.

आता पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ठरल्याचं जाहीर झालं आहे. माहिती मोबाइलवर भरायची आहे, म्हणजे आमचे गोषवारे, खाडाखोड, कार्बन कागद, सगळं गेलं. चांगलंच झालं. हजारो यंत्रं ती बेरीज क्षणात करतील. पण फेब्रुवारीत उसाचा हंगाम असतो आणि माणसं अजूनही पहाटेच फडावर जातात. तुमच्या घरात कुणी शिक्षक असेल, आणि त्याच्या गटात असा तळ आला, तर त्याला एकट्याला धाडू नका. दोघं-तिघं रात्री जा. बॅटरी न्या.

असो. नातीला त्या मांडणीत चांगले गुण मिळाले. चित्रकलेच्या सरांना कळवायला हवं होतं, पण ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.