मक्याचा घास

डेट्रॉईटजवळच्या एका मराठी घराच्या तळघरात एक छोटासा फ्रीझर आहे. त्याच्या झाकणावर मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती: 'आजी, हे उघडू नको. तुझा आइस्क्रीम वर आहे.'

इंदूरहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आजीने चिठ्ठी वाचली आणि अर्थातच झाकण उघडले. आत प्लास्टिकच्या पिशवीत बोटाच्या पेराएवढे गुलाबी काहीतरी ओळीने गोठून पडले होते. उंदराची नुकती जन्मलेली पिल्ले! ज्याच्यासाठी ती आणली होती ते महाशय वरच्या मजल्यावर, दहा वर्षांच्या नातवाच्या खोलीत, काचेच्या पेटीत वेटोळे घालून बसले होते. शिसपेन्सिलीएवढी जाडी, वीतभराहून थोडी जास्त लांबी, केशरी अंगावर लालसर ठिपके. वजन जेमतेम दोन चमचे साखरेइतके.

"सापाला दूध नाही का देत?" आजीने विचारले.

"अगं आजी, साप दूध पीत नाहीत!" नातू कपाळाला हात लावून म्हणाला.

हे आजीला मनापासून पटायला दोन दिवस लागले. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पिताना तिने लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता. तो नाग कित्येक दिवसांचा तहानलेला असायचा, समोर जे ओले येईल त्याला तोंड लावायचा आणि ते दूध पुढे त्याच्याच जिवावर बेतायचे, हे तेव्हा कोण सांगणार?

हा साप नाग नव्हे. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी 'कॉर्न स्नेक'. पोटावरची काळी-पांढरी चौकट रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून हे नाव पडले असे कोणी म्हणतात, तर मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागे येतो म्हणून, असे कोणी. तिकडच्या घरांतून हा साप सर्रास पाळला जातो. स्वभाव शांत, जपले तर पंधरा-वीस वर्षेही जगतो. आजीने सरळ भाषांतर करून त्याचे नाव 'मक्या' ठेवले आणि घरात तेच रूढ झाले.

मक्याच्या पेटीत चार बोटे जाडीचा भुसा पसरलेला होता. अस्पेन झाडाच्या लाकडाचा, रंध्याखाली निघावा तसा पातळ आणि कुरळा. हा भुसा शोभेसाठी नसतो. कॉर्न स्नेकला जमिनीत, पाल्यात शिरून राहायला आवडते. भुशात तो बोगदे करतो, त्यात दडून बसतो आणि दडायला मिळाले की निश्चिंत असतो. निश्चिंत साप जेवतो, धास्तावलेला जेवत नाही. म्हणून भुसा काढून टाकला की प्रश्न मिटला, असे होत नाही.

आणि प्रश्न होताच. घरी आणल्यावर आठवडाभर मक्याला कोणी हात लावला नाही, तसे विकणाऱ्याने बजावलेच होते. मग पहिल्या जेवणाचा दिवस आला. नातवाने पिल्लू गरम पाण्यात सोडून वितळवले, लांब चिमट्यात धरले आणि भुशावर मक्यासमोर टाकले. मक्याने जीभ लवलवत अंदाज घेतला, झडप घातली, दोन वेढे मारले. या झटापटीत ओले पिल्लू भुशात चांगले घोळले गेले. पुरणपोळी पिठात घोळवावी तसे! मक्या गिळू लागला तेव्हा त्याच्या ओठांच्या दोन्ही बाजूंनी लाकडाचे कुरळे तुकडे बाहेर डोकावत होते.

नातू घाबरला. त्याने तुकडा ओढून काढायला हात पुढे केला, तोच आजीने त्याचे मनगट धरले. "थांब बाळा. घास तोंडात असताना ओढायचा नाही."

सापांविषयी आजीला काडीचीही माहिती नव्हती. तीन मुले आणि पाच नातवंडे भरवलेला तो हात होता, इतकेच. पण ती बरोबर होती. सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले, बारीक गळांसारखे असतात. भक्ष्य बाहेर ओढले की दात मोडतात, हिरड्या फाटतात. साप चावत नाही. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हाडाने जोडलेले नसून ताणता येईल अशा पेशीबंधाने जोडलेले असतात. एकदा डावी बाजू, एकदा उजवी, असा एकेक पाऊल टाकत जबडा भक्ष्यावर चढत जातो. गिळताना साप गुदमरेल ही भीतीही खोटी असते, कारण त्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या वरच्या अंगाला असते आणि गिळताना ते पुढे, जवळपास ओठांपर्यंत सरकते. तोंड भरलेले असतानाही तो श्वास घेतो. आजीला ही व्यवस्था फार आवडली. माणसांच्या मुलांना देवाने अशी सोय का दिली नाही, असे ती म्हणाली.

चार-पाच मिनिटांत पिल्लू आत गेले. मक्याने दोनदा मोठी जांभई देऊन जबडा जागेवर बसवला. एक तुकडा ओठाच्या कोपऱ्यात राहिला होता, तो त्याने पाण्याच्या भांड्याच्या कडेला तोंड घासून स्वतःच काढला.

पण खरी कसोटी पुढच्या आठवड्यात आली. मक्याने जेवणाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. नातवाने शाळेतल्या मित्राकडून ऐकले होते की भुसा पोटात अडकून साप मरतात. तो रात्री टॉर्च घेऊन पेटीपाशी बसू लागला. नीट जेवेना. सूनबाई वैतागून म्हणाली, "आई, सापाचं राहू द्या, आता यालाच भरवायची वेळ आलीये." शेवटी सगळे मिळून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरांनी मक्याला बोटांतून हळूच सरकू दिले आणि पोट चाचपले. कुठे गाठ नव्हती. मागच्या जेवणानंतर चौथ्या दिवशी शी झाली होती, हे नातवाच्या वहीत लिहिलेले सापडले. मग त्यांनी मक्याचे डोळे दाखवले. ते निळसर, धुरकट झाले होते. मक्या कात टाकणार होता. या दिवसांत सापाला नीट दिसत नाही आणि बरेच साप तेव्हा अन्नाला तोंड लावत नाहीत. लहान पिल्ले तर महिना-दीड महिन्याला कात टाकतात. भुशाचा याच्याशी काही संबंध नव्हता.

मग भुशाची भीती खोटी म्हणायची का? तसेही नाही. एखादा पातळ, मऊ तुकडा पोटात गेला तर निरोगी सापाच्या शरीरातून तो बहुधा विष्ठेबरोबर निघून जातो. रानात माती, पाने तोंडात जातातच. पण मक्याएवढ्या पिल्लाचे आतडे दोऱ्याएवढे, त्यामुळे मोठ्या सापाला जे खपते ते त्याला खपेलच असे नाही. त्यात सगळे अंथरूण सारखे नसते. टोकदार ढलपी हिरडीत घुसली तर जखम होऊन तोंडात पू धरतो. मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्यांचा चुरा पाणी शोषून फुगतो. अक्रोडाच्या कवचांचा चुरा धारदार असतो. सीडर लाकडाचा भुसा तर गिळायचीही गरज नाही, त्याच्या वासाच्या तेलांनीच साप आजारी पडतो. शिवाय पेटी गार असेल आणि साप तहानलेला असेल तर पचन मंदावते आणि साधा तुकडाही अडकण्याची शक्यता वाढते. भुशाला दोष देण्याआधी थर्मामीटर पाहावा. मक्याच्या पेटीची उबदार बाजू तीस अंशांच्या आसपास आणि दुसरी बाजू चोवीसच्या आत हवी. मिशिगनच्या हिवाळ्यात ही गोष्ट नशिबावर सोडून चालत नाही.

घरी परतल्यावर मक्याच्या जेवणाची पद्धत बदलली. त्याला दुसऱ्या डब्यात नेऊन भरवावे, असेही बरेच जण सांगतात. पेटीत भरवले तर तो हाताला चावायला शिकतो, असा त्यामागचा समज. त्याला फारसा आधार नाही. उलट जेवल्यावर उचलून परत आणताना पिल्लू घाबरते आणि खाल्लेले ओकून टाकते. आणि एकदा ओकले की पोटाला दहा-बारा दिवस विश्रांती द्यावी लागते. ते टाळलेले बरे.

मग आजीनेच तोडगा काढला. तिच्या सामानात लोणच्याच्या बरणीखाली ठेवायची एक चपटी स्टीलची ताटली होती. तिने ती नातवाला देऊन टाकली, परत न मागण्याच्या अटीवर! मक्या ज्या लाकडी घरट्यात बसतो त्याच्या तोंडाशी भुसा बाजूला सारून ताटली ठेवायची, तिच्यावर कोरडा कागदी रुमाल. पिल्लू रात्रभर फ्रीजमध्ये वितळवायचे, पण तळघरातल्या वेगळ्या छोट्या फ्रीजमध्ये, माणसांच्या अन्नाशेजारी नाही. मग बंद पिशवीत ठेवून पिशवी गरम पाण्यात सोडायची, म्हणजे पिल्लू ओले होतच नाही. मायक्रोवेव्ह वापरायचा नाही, पाणी उकळते घ्यायचे नाही. तरी दमट लागले तर कागदाने टिपायचे, कारण भुसा चिकटतो तो ओलाव्याला. पिल्लाची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा किंचित जास्त, त्याहून मोठे नको. चिमट्याने पुढे धरायचे, मक्याने पकडले की चिमटा सोडून हळूच मागे सरायचे. तो घास घेऊन भुशात गेला तर जाऊ द्यायचे. मागे लागायचे नाही. घासाबरोबर लांब, टोकदार ढलपी जाताना दिसली तरच लक्ष ठेवायचे. पुढे तोंड उघडे राहिले, ओठ सुजले, पोटावरचा फुगवटा दिवसेंदिवस हलला नाही किंवा साप कुंथताना दिसला, तर डॉक्टर. घरगुती उपाय नाहीत, तेल नाही, पोट चोळणे तर मुळीच नाही.

आणि जेवणानंतर दोन दिवस मक्याला हात लावायचा नाही. नातवाला हे सर्वांत जड गेले.

हात धुण्याच्या बाबतीत मात्र आजी डॉक्टरपेक्षा कडक निघाली. साप आणि गोठवलेले उंदीर, दोघांच्याही अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. अमेरिकेत २०१० आणि २०१४ साली असे गोठवलेले उंदीर हाताळल्याने माणसे आजारी पडली होती. पाच वर्षांखालच्या मुलांना अशा घरात सापापासून दूरच ठेवावे, असे तिथले आरोग्य खाते सांगते. त्यामुळे शेजारची तीन वर्षांची छकुली मक्याला काचेबाहेरूनच टाटा करते.

एकदा नातवाने विचारले की मक्याला सुट्टीत इंदूरला नेता येईल का, आणि तिकडे आजीला एक छोटी धामण पाळता येईल का. आजीने स्पष्ट नाही म्हटले. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, अजगर, धामण असे देशी साप पकडणे, पाळणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. विदेशी प्राण्यांवरही आता लक्ष असते. आंतरराष्ट्रीय करारांच्या याद्यांत असलेल्या जाती बाळगणाऱ्यांना २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारकडे नोंद करावी लागते. शेतात धामण दिसली तर तिला तिचे उंदीर खाऊ द्यावेत, असे आजीने त्याला समजावले. ताटली लागत नाही, कागद लागत नाही.

कात टाकून झाल्यावर तिसऱ्या दिवशी मक्या जेवला. ताटलीवर, कोरड्या कागदावर. अख्ख्या घराने दाराच्या फटीतून पाहिले. एकही तुकडा चिकटला नव्हता. नातवाने वहीत तारीख लिहिली, पुढे 'खाल्ले' असे मराठीत लिहिले आणि मग आजीच्या हातचा वरणभात दोनदा मागून घेतला.

आजी मार्चमध्ये इंदूरला परतली. दर शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या शुक्रवारी रात्री, तिचा व्हिडिओ कॉल येतो. पहिल्यांदा मुलाची चौकशी, मग सूनबाईची, मग नातवाच्या अभ्यासाची. आणि मग आवाज थोडा हळू करून, शेजारच्या काकू ऐकत नाहीत ना ते पाहून, "मक्या जेवला का रे? कागद कोरडा होता ना?"