शेवटचा बाण

पुतणीच्या आग्रहावरून सुझान कॉलिन्सबाईंच्या ‘हंगर गेम्स’चे तिन्ही भाग (२००८ ते २०१०) मी वाचून संपवले. उद्याच्या अमेरिकेत राजधानीच्या करमणुकीसाठी दरसाल चोवीस मुलामुलींनी एकमेकांना मारायचे. घरात जादा धान्य हवे, तर सोडतीत आपल्याच नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकायच्या. म्हणजे मरणही आधी गरिबाच्या वाट्याला!

आम्ही नाशिककर. विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी कोवळ्या अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे ऐकतच वाढलो. त्यांचा नेम परक्या सत्तेवर होता. साधारण त्याच वयाच्या कॅटनिसचा शेवटचा बाण मात्र बंडवाल्यांच्याच अध्यक्षीणबाईंना लागतो. जिंकताच त्यांनी शत्रूच्या मुलांसाठी तोच खेळ योजलेला असतो. असा बाण सोडणाऱ्या पोरीचे स्मारक कोणते गाव उभारील?